बिनकिल्लीची

किल्ल्या तीन, त्या तिघींकडे.
तेनिंगची कमरेच्या दोऱ्यात,
दिबोरची तांदळाच्या डब्यात तळाशी,
सिगाची कुठे, ते सिगालाच ठाऊक.
पेटी माझ्या घरी.
मला किल्ली नाही.
सात वर्षांपूर्वी शिंपल्यांच्या टेकडीवर,
गोरखचिंचेखाली, असंच ठरलं:
जिच्याकडे पेटी, तिच्याकडे किल्ली नको.
"अविश्वास नाही गं," दिबोर म्हणाली होती,
"रात्री तुलाच झोप लागावी म्हणून."

पेटी काही देखणी नाही.
मोडक्या फ्रीजचा पत्रा,
वेल्डरने दोन टोपल्या कालवांवर जोडून दिलेला.
हलवली की आतली नाणी
टोपलीतल्या तिसऱ्यांसारखी करकरतात.

आत काय आहे विचाराल, तर
बत्तीस जणींचे गुडघे आहेत.
सालूमला ओहोटी लागली की चिखलात उतरायचं,
तिवराच्या मुळांवरून कालवं खरवडायची,
मूळ तुटलं तर दंड,
हातांत नवऱ्यांचे जुने मोजे,
तरी बोटं फाटायची ती फाटतातच.
मग उकडा, वाळवा, मापानं विका,
आणि शुक्रवारी नमाजानंतर
शंभर फ्रँक त्या फटीतून आत.

त्यातून न्देलाचं सिझेरियन झालं.
त्यातून पंप आला, दोनदा बिघडला.
त्यातून नवी भट्टी आली,
जी अजून निम्मा धूर आमच्याच डोळ्यांत सोडते.
उशिरा आलीस, पन्नास दंड.
भांडलीस, शंभर.
दंडाचेच पैसे पेटीत जास्त असतील.

लातीर माझा धाकटा. एकोणीस वर्षांचा.
त्याला होडीत जागा हवी होती,
त्या होडीत, जी जाळी घेत नाही
आणि दिवा न लावता उत्तरेकडे निघते.
माझ्याकडे त्यानं मागितले नाहीत.
मी काय म्हणेन, ते त्याला माहीत होतं.

एका पहाटे पलंगाखालची जमीन
चौकोनी, स्वच्छ, रिकामी.

त्या दिवशी मी कालवांना गेले नाही.
चूल पेटवली नाही.
बत्तीस जणींना तोंड कसं दाखवायचं
याचा हिशेब करत बसले,
आणि मला तर बेरीज येत नाही.

दुपारच्या भरतीबरोबर तो आला.
कमरेपर्यंत चिखल, डोक्यावर पेटी.
एका कुलपावर दगडाचे घाव.
दुसऱ्यावर थोडे कमी.
तिसऱ्याला हात लावलेलाच नव्हता.
"जड आहे," एवढंच म्हणाला,
आणि अंगणातल्या बादलीत पाय धूत बसला,
संपलेल्या पाण्यानं, कितीतरी वेळ.

शुक्रवारी मी सगळं सांगितलं.
कुणी बोलेना.
एकीचं पोर रडायला लागलं, तिनं त्याला पदराखाली घेतलं.
मग तेनिंगनं पेटी उचलली, हुंगली,
विचारलं, "आत पाणी गेलं का?"

घाव बसलेलं कुलूप उघडेना.
शेंगदाण्याचं तेल सोडलं, तेव्हा हललं.
दोनदा मोजलं. एक फ्रँक कमी नाही.
नोटांची एक घडी ओली होती,
ती दगडाखाली वाळत घातली
आणि सगळ्या तिच्याकडे बघत बसलो,
पाळण्याकडे बघावं तसं.

दिबोर रडली.
सिगा म्हणाली, "नियम तो नियम.
कोदू आज उशिरा आली. पन्नास."
दिले.

मग खडे टाकले.
पेटी न्देलाच्या घरी गेली.
वाटलंच होतं मला.
वाटलं नव्हतं ते पुढचं:
तेनिंगनं कमरेचा दोरा सोडला,
तिची किल्ली माझ्या हातावर ठेवली.
"ते कुलूप आता अडतं," म्हणाली,
"तेल तूच घालत जा."

लातीर अजून इथे आहे.
होड्या अजून रात्री निघतात.
किल्ली मी गळ्यात घालते,
चिखलात उतरताना दातांत धरते.
तेवढा वेळ कुणाशी भांडता येत नाही.
शंभर वाचतात.